‘ठक’ हा शब्द आला कोठून?

प्रश्न : ‘ठकास महाठक’ असे आपण सर्रास म्हणतो. परवा आजीने आणलेल्या मेथीच्या जुडीच्या पोटात सडका पाला निघाला, तेव्हा तिच्याही तोंडून ‘ठकवलं मेल्यानं!’ हेच बाहेर पडले. हा ठक आणि हिंदीतील ठग एकच का, आणि त्याचे मूळ काय असावे?

प्रतिसाद : एकच. संस्कृतात ‘स्थग्’ या धातूचा अर्थ झाकणे, लपवणे असा असून ‘स्थग’ म्हणजे लबाड मनुष्य. ‘स्थानक’चे जसे ‘ठाणे’ झाले, तसाच येथेही प्राकृतातून येताना ‘स्थ’चा ‘ठ’ झाला. मौज अशी की, न्यायालयाची ‘स्थगिती’ही याच धातूची, फक्त झाकण्याकडून थांबवण्याकडे वळलेली. आपल्या आजींच्या जुडीत तर मूळ अर्थ अगदी शाबूत आहे : वर हिरवीगार पाने आणि आत झाकलेला पाला.

दुसरा प्रतिसाद : थोडी पुस्ती जोडतो. वाटसरूंशी सलगी करून रुमालाने त्यांचा गळा आवळणाऱ्या ज्या टोळ्यांविरुद्ध कंपनी सरकारने १८३६ मध्ये कायदा केला, त्यांच्यामुळे ‘ठग’ इंग्रजीत रुळला आणि तेथे त्याचा दांडगट गुंड झाला. मराठी ठक मात्र अंगाला बोटही न लावता, गोड बोलून गंडवतो. म्हणून पाकीटमाराला ठक म्हटलेले मला तरी खटकते.