हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल (काळीमिरीवाल्या): आईला सुरू कराव्यात का?

मुलुंडकर
आई ६४ वर्षांची, वजन ६० किलो, दोन्ही गुडघ्यांची झीज. औषधं: रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन आणि रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून अ‍ॅस्पिरिन ७५. सोसायटीच्या योगावर्गात बऱ्याच जणी कर्क्युमिनच्या (हळदीतला पिवळा घटक) कॅप्सूल घेतात, आता हिलाही हव्यात. डबीवर लिहिलंय: हळदीचा अर्क ५०० मिग्रॅ (९५ टक्के कर्क्युमिनॉइड), पायपरिन (काळ्या मिरीतला तिखट घटक) ५ मिग्रॅ, दिवसाला दोन. "हळदच तर आहे, त्रास कसला?" याला काय उत्तर द्यावं?

शेंगदाणाकूट
आकडेमोड केलीत की उत्तर मिळेल. साध्या हळदीत वजनाच्या ३ टक्क्यांच्या आसपास कर्क्युमिन असतं. मेघालयातल्या लाकडोंगमध्ये ७ टक्क्यांपर्यंत. चौघांच्या भाजीत अर्धा चमचा, म्हणजे दीड ग्रॅम हळद पडली तर माणशी जेमतेम ११ मिग्रॅ. तुमच्या दोन कॅप्सूलमध्ये ९५०! जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटनेच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने खाद्यरंग म्हणून कर्क्युमिनला घातलेली रोजची मर्यादा किलोमागे ३ मिग्रॅ आहे, म्हणजे आईंसाठी १८०. तेव्हा ही हळद नव्हे, औषधाची मात्रा आहे.

दुसरी गोष्ट पायपरिनची. नुसतं कर्क्युमिन फारसं अंगी लागत नाही. आतडं आणि यकृत त्यावर प्रक्रिया करून ते बाहेर काढतात. पायपरिन ही प्रक्रिया मंदावतं. जाहिरातीतले '२००० टक्के जास्त शोषण' हे १९९८च्या बंगळुरूच्या अभ्यासातून आलंय. तिथे २ ग्रॅम कर्क्युमिनबरोबर २० मिग्रॅ पायपरिन होतं आणि मुळातलं शोषण नगण्य, त्यामुळे टक्केवारी डोळे दिपवते. शिवाय हा ब्रेक फक्त कर्क्युमिनला लागत नाही. फेनिटॉइन (फिटचं औषध), प्रोप्रॅनोलॉल (रक्तदाबाचं), थिओफायलिन (दम्याचं) यांचं रक्तातलं प्रमाणही पायपरिनने वाढतं.

गोळीबार_मैदान
फायदा अगदीच नाही असं नाही. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या थायलंडच्या चाचणीत गुडघेदुखीच्या ३६७ रुग्णांना रोज १५०० मिग्रॅ हळदीचा अर्क किंवा १२०० मिग्रॅ आयबुप्रोफेन दिलं. चार आठवड्यांनी वेदना जवळपास सारखीच कमी झाली, पोटदुखी मात्र अर्काच्या गटात कमी. पण चारच आठवडे! झिजलेली कूर्चा याने भरून येत नाही.

आता यकृत. अमेरिकेतल्या औषधजन्य यकृतविकारांच्या नोंदजाळ्याने २०२२मध्ये हळदीमुळे यकृताला इजा झालेले दहा रुग्ण मांडले: पाच जणांना रुग्णालयात दाखल करावं लागलं, एक दगावला. दहापैकी सात जणांत एचएलए-बी ३५:०१ हा जनुकप्रकार सापडला. म्हणजे हे सगळ्यांना होत नाही, पण आपल्याला होईल का हे आधी कळायला सोपा मार्ग नाही. बहुतेकांना त्रास सुरू व्हायला एक ते चार महिने लागले. म्हणून 'महिनाभर घेतल्या, काही झालं नाही' हा पुरावा नव्हे.

अ‍ॅस्पिरिन चालू असताना रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. वॉरफरिनवर (रक्त पातळ करणारं औषध) असलेल्यांनी तर नादच करू नये. आईंना पित्ताशयाचे खडे किंवा मुतखडा?

मुलुंडकर
जुन्या सोनोग्राफीत पित्ताशयात छोटे खडे होते. त्रास काही नाही, म्हणून लिहिलं नाही.

गोळीबार_मैदान
मग विषय संपला. कर्क्युमिनने पित्ताशय आकुंचन पावतं, खडा नळीत सरकून अडकू शकतो. सुरू करू नका.

शेंगदाणाकूट
+१. इतर वाचकांपैकी कुणी घेणारच असेल तर: पायपरिन नसलेली डबी निवडा, सुरू करण्याआधी आणि सहा-आठ आठवड्यांनी एसजीपीटी व बिलिरुबिन (यकृताच्या रक्ततपासण्या) तपासा, एका वेळी एकच नवी गोष्ट सुरू करा, नाहीतर त्रास कशाचा ते कळत नाही. लघवी गडद होणं, अंगाला खाज, अन्नावरची वासना जाणं, यांपैकी काहीही दिसलं की त्याच दिवशी बंद आणि डॉक्टरकडे. डबी सोबत न्या. शस्त्रक्रियेआधी दोन आठवडे बंद. शरीरात लोह कमी असेल तरीही टाळा, कर्क्युमिन लोहाला बांधून ठेवतं. १८००-१८०-३०२४ या औषध-दुष्परिणामांच्या मोफत क्रमांकावर नोंद करता येते, पण फारच थोडे करतात.

गुडघ्यासाठी मांडीच्या पुढच्या स्नायूचा व्यायाम: खुर्चीत बसून पाय सरळ करायचा, पाच सेकंद धरायचा, दहा वेळा, रोज दोनदा. कंटाळवाणा आहे, पण कॅप्सूलपेक्षा भरवशाचा.

चिंचपोकळीची_चिंच
आणि भाजीतली हळद सोडू नका हं त्यांना! फक्त चमकदार पिवळ्या हळकुंडांपासून सावध. पिवळेपणासाठी लेड क्रोमेट चोपडण्याचे प्रकार होतात, त्यात शिसं असतं. लालबागला दळायला देताना एक हळकुंड ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासून पाहा. भडक रंग लगेच सुटला तर घेऊ नका. खात्री मात्र प्रयोगशाळेतच होते.