मदत हवी आहे : पावसाळ्यात चांदीचा पातळ थर सलग होत नाही

नांदेड येथील प्रयोगशाळेत मी औष्णिक बाष्पीभवनाने (निर्वातात धातू तापवून तिची वाफ बसवून) काचेवर चांदीचे १२ नॅनोमीटर जाडीचे थर तयार करतो. उन्हाळ्यात हे थर विद्युतवाहक मिळतात, पावसाळ्यात मात्र त्याच जाडीला रोध मोजण्यापलीकडे जातो, म्हणजे चांदीची बेटे (सुरुवातीला बनणारे सुटे ठिपके) एकमेकांना जोडली जात नसावीत. निर्वात सुमारे ०.००००१ टॉर (टॉर हे दाबाचे एकक) असतो. ०.०००००१ टॉर दाबालाही, येणारा प्रत्येक रेणू चिकटला तर, एका सेकंदात पृष्ठभागावर वायूचा एक रेणुथर बसू शकतो, म्हणून उरलेल्या वायूंचाच मला दाट संशय आहे.

काच अॅसिटोन व आयसोप्रोपेनॉलने धुतली, १५० अंशांवर तासभर तापवून थंड केली, चांदी तापवण्याची धातूची पन्हळी (बोट) बदलली. फरक पडला नाही. वाढीचा वेग सेकंदाला ०.०५ नॅनोमीटर असून जाडी क्वार्ट्झ स्फटिकाने मोजतो. निर्वातासाठी डिफ्यूजन पंप आहे. द्रव नायट्रोजनचा सापळा (वाफ गोठवून पकडणारा) आणि उरलेले वायू ओळखणारा वायू-विश्लेषक नाहीत, आणि यंदा ते घेणेही शक्य नाही.

ऑक्सिजनचा अल्प अंश चांदीचा थर लवकर सलग करतो, असे मी वाचले आहे. माझा अनुभव नेमका उलट आहे. तेव्हा काचेवर आधीच बसलेली पाण्याची वाफ आणि बाष्पीभवन चालू असताना येणारा वायू, या दोहोंपैकी दोषी कोण, हे केवळ सुई-झडप (वायू अगदी थोडा थोडा सोडणारी झडप) व कोरडा नायट्रोजन वापरून कसे वेगळे करावे?