आयर्लंडचे पब: गावाची ओसरी की दारूचं कौतुक?

रानवाटा:
डब्लिनला चार दिवस राहून आलेले एक स्नेही परवा म्हणाले, "शहर दोन दिवसांत बघून होतं. बाकी जिकडे तिकडे पिणं." संध्याकाळी कुठे जायचात, असं विचारलं, तर चारही दिवस टेंपल बार, म्हणजे पबांनी भरलेला तो भाग! तिथे गर्दी पर्यटकांची, बिअर शहरात इतरत्र मिळते त्याहून महाग आणि गाणी तीच तीच. बागा-कळंगुट बघून गोव्याची माणसं कळली असं कुणी म्हणालं, तर आपण ऐकून घेऊ का?

मी दोन वर्षं कॉर्कला होतो. दारू घेत नाही, तेव्हाही घेतली नाही. तरी आठवड्यातून दोनदा पबमध्ये जायचो, कारण पहिल्याच शुक्रवारी घरमालक हाताला धरून घेऊन गेले. आपल्याकडे बार म्हटलं की परमिट रूमच डोळ्यांसमोर येते. काळ्या काचा, मिणमिणते दिवे, पडद्याआडची फॅमिली रूम. इथे दुपारी तीनला आजी-आजोबा नातवंडांना घेऊन सूप आणि ब्राउन ब्रेड खात बसलेले. मी रॉक शँडी मागायचो. नावावर जाऊ नका, संत्र्या-लिंबाच्या चवीचं ते साधं थंड पेय आहे. कधी चहा, तोही किटलीभर. कुणी कधी "का रे बाबा?" असं विचारलं नाही.

कॉर्कमध्ये गिनेसपेक्षा मर्फीज आणि बीमिश या गावच्या काळ्या बिअरचा अभिमान जास्त. ती भरताना मी बघत राहायचो. ग्लास तिरका धरून पाऊण भरायचा आणि बाजूला ठेवून द्यायचा. आतले तपकिरी ढग कडेकडेने खाली उतरतात, हळूहळू सगळं काळं होतं, वर सायीसारखा थर धरतो. मग उरलेला ग्लास भरायचा. ती दोन मिनिटं कुणी घाई करत नाही, आणि शेजारच्याशी बोलणं सुरू होतं ते तेव्हाच. 2018 ची गोष्ट. एका आजोबांनी गाव विचारलं, मी मालवण सांगितलं आणि ते कुठे हे कळावं म्हणून वराडचं नाव घेतलं, लिओ वराडकरांच्या वडिलांकडचं गाव. वराडकर तेव्हा पंतप्रधान होते. आजोबांनी बसल्या जागेवरून अख्ख्या पबला ओरडून सांगितलं. पुढचा तासभर मासे आणि पाऊस. पुण्यात सोसायटीतल्या शेजाऱ्याशी माझं इतकं बोलणं कधी झालं नाही.

माझ्यासाठी ती गावाची ओसरी आहे. न पिणाऱ्यानेही जाऊन बसावं.

शॅननकाठ:
रानवाटा, तुम्ही दोन वर्षं राहिलात, मी लिमरिकमध्ये अकरावं वर्ष काढतेय. ओसरीवर बसण्याची अट तुम्ही सांगितलीच नाहीत. राउंड! पाच जण गेले की प्रत्येकाने आळीपाळीने सगळ्यांसाठी घ्यायचं. स्वतःची पाळी चुकवली की फुकट्या म्हणून नाव पडतं. म्हणजे पाच जण तर पाच ग्लास, इच्छा असो नसो. मीही पीत नाही. पहिलं वर्षभर दोन ग्लास सोड्यासाठी सगळ्या टेबलाचे पैसे भरले. मग राउंडमधून बाहेर राहायला लागले, तर शुक्रवारचं बोलावणंच बंद झालं. कुठलं काम कुणाकडे जाणार हे आम्हाला सोमवारी ऑफिसात कळायचं, ठरलेलं असायचं शुक्रवारी रात्री. हे सोसलेलं आहे, ऐकीव नाही.

आणि कॉर्कचं एवढं कौतुक आहे, तर सेंट पॅट्रिक स्ट्रीटवरचा फादर मॅथ्यूंचा पुतळा पाहिला असेलच. 1838 मध्ये त्यांनी त्याच शहरातून दारू सोडण्याची शपथ द्यायला सुरुवात केली आणि लाखो लोकांनी ती घेतली. घरंच्या घरं बुडत होती, म्हणून घेतली. पायोनियर या दारू न पिणाऱ्यांच्या संघटनेची मंडळी 1898 पासून न पिण्याची खूण म्हणून छातीवर बिल्ला लावत आली आहेत. 2022 मध्ये सरकारने दारूला किमान किंमत बांधून दिली. इथल्या लोकांना जी गोष्ट पिढ्यानपिढ्या छळते आहे, तिला पाहुण्यांनी संस्कृती म्हणून मिरवावं हे मला अजिबात पटत नाही.

रानवाटा:
राउंडचं मान्य. मला घरमालकांनी सांभाळून घेतलं, सगळ्यांच्या वाट्याला ते येत नाही. पण किमान किमतीचं उदाहरण उलट माझ्या बाजूने आहे. एक ग्रॅम अल्कोहोलमागे 10 सेंट असा तो हिशेब. पबमधला ग्लास आधीच त्याच्या कितीतरी वर. फटका बसला तो सुपरमार्केटमधल्या स्वस्त डब्यांना, घरी एकट्याने पिण्याला. पबमध्ये निदान "आता पुरे, घरी जा" म्हणणारं कुणीतरी असतं.

शॅननकाठ:
असतं, पण म्हणतंच असं नाही. एकदा शनिवारी रात्री एक वाजता शहरातून एकट्या बाईने चालून दाखवावं.

षड्जपंचम:
एवढ्या चर्चेत संगीताचा शब्दही नाही? मी व्हायोलिन वाजवतो आणि गॉलवेला फक्त सेशनसाठी, म्हणजे पबमध्ये जमून वाजवण्याच्या बैठकीसाठी गेलो होतो. टिग कोली या पबमध्ये स्टेज नाही, बसायचं कोपऱ्यातल्या टेबलाभोवती. एकाने फिडलवर धून धरली की बाकीचे अंदाज घेत येऊन मिळतात. बोरान नावाचा डफ, टिन व्हिसल ही छोटी बासरी, कोपराखाली भाता दाबून वाजवायचे इलन पाइप्स. एक धून दोन-तीनदा झाली की डोळ्यांनी खूण होते आणि मधे न थांबता सगळे दुसरीवर जातात. समोर कागद कुणाच्याच नाही. सगळं कानाने शिकलेलं, आपल्या तालमीसारखं. मग एका वयस्क बाईंनी डोळे मिटून नुसत्या गळ्यावर आयरिशमधलं गाणं म्हटलं. शब्द एक कळला नाही. पण बारवरच्या माणसाने नळावरचा हात काढून घेतला आणि गाणं संपेपर्यंत कुणालाही काही दिलं नाही. दारू तिथे गाण्यासाठी थांबते, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

एकच कळकळीचं सांगणं: फर्माइश करू नका आणि वादकांच्या खुर्च्यांवर बसू नका. ते आपल्यासाठी वाजवत नसतात.

लिफीकाठचा:
डब्लिनमधून लिहितो. षड्जपंचम म्हणतात ते जपण्यासाठी इथे रस्त्यावर उतरावं लागलं आहे. स्मिथफील्डच्या कॉबलस्टोन पबच्या जागेवर हॉटेल बांधायचा प्रस्ताव 2021 मध्ये आला. समोरचा पब राहणार होता, पण ज्या मागच्या खोलीत संगीताचे वर्ग भरतात ती जाणार होती. लोक वाद्यं घेऊन मोर्च्याने महापालिकेवर गेले, आणि नोव्हेंबरमध्ये परवानगी नाकारली गेली. नुसत्या दारूसाठी कुणी असा मोर्चा काढेल असं मला वाटत नाही.

पण रानवाटा, "आजोबांनी गाव विचारलं" हे 2018 चं चित्र आजच्या डब्लिनला जसंच्या तसं लावू नका. 2025 च्या उन्हाळ्यात भारतीयांवर हल्ले झाले, आपल्या दूतावासाला सावधगिरीची सूचना काढावी लागली. माझ्या गल्लीतल्या पबमध्ये मी आजही निर्धास्त बसतो, तिथे मला नावाने ओळखतात. तिथून घरी चालत येतानाचा रस्ता मात्र आता बदलला आहे. आई-बाबा आले होते तेव्हा त्यांना दुपारीच नेलं. बाबांनी भाज्यांचं सूप घेतलं, आई सगळा वेळ भिंतीवरचे जुने फोटो बघत होती.

शॅननकाठ:
षड्जपंचम, गाण्याबद्दल माझी तक्रार नाही. मुलीला मी स्वतः टिन व्हिसलला घातलंय. पण तिचं सेशन असतं पबमध्ये, आणि नियमाप्रमाणे नऊला मुलांना बाहेर पडावं लागतं, मे ते सप्टेंबर दहाला. हेच गाणं, ह्याच गप्पा ग्रंथालयात किंवा शाळेच्या हॉलमध्ये का होऊ नयेत? संध्याकाळी सहाला कॅफे कुलूप लावतात. मग माणसाने जायचं कुठे?

रानवाटा:
या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. मार्चमध्ये लिमरिकला येतोय. तुम्ही म्हणाल तिथे भेटू, पब सोडून.

शॅननकाठ:
घरीच या. येताना कॉर्कच्या इंग्लिश मार्केटमधून मासे घेऊन या, सोलकढीचं मी बघते.