मदत हवी आहे: ओरखडे पडलेली सीडी घरी कशी नीट करावी?

आजीनं म्हटलेल्या भुलाबाईच्या गाण्यांची सीडी आहे, २००७ साली घरीच राइट केलेली. पोरानं ती फरशीवर गाडीसारखी फिरवली! पहिली चार गाणी वाजतात, पाचव्यापासून अडखळते. सीडी आतून बाहेर वाचली जाते, म्हणजे घाव कडेकडेच असावेत. लेबलची बाजू शाबूत आहे, उजेडासमोर धरली तर कुठं भोक दिसत नाही. मऊ कापडानं मधून कडेकडे सरळ पुसली, फरक शून्य. साध्या पांढऱ्या टूथपेस्टनं कुणी स्वतः घासून पाहिलंय का? किती वेळ? सीताबर्डीत एका दुकानदारानं "आता कोण सीडी ऐकते बाप्पा" म्हणून वाटेला लावलं. नागपुरात कुणाकडे पॉलिशचं मशीन किंवा जुना दणकट ड्राइव्ह असेल तर सांगा. एकदा कॉपी निघाली की झालं.