शब्दचर्चा : ‘रुद्धोष्म’मध्ये कोंडलेलं नक्की काय?

दापोलीहून :
मुलाला फिजिक्समध्ये अॅडिअबॅटिक प्रक्रिया आलीय, वायू झटकन दाबला की तापतो ती. हिंदी पुस्तकात त्याला ‘रुद्धोष्म’ शब्द सापडला, मी आपला फोड करून अर्थ सांगितला की रुद्ध म्हणजे कोंडलेली, उष्मा म्हणजे उष्णता, म्हणजे उष्णता आत कोंडली की वायू तापतो. तर म्हणतो, आई, बाहेरून उष्णता दिलीच नाही तर कोंडली कुठली? शब्दच चुकलाय की मी चुकले?

रत्नागिरीहून :
ताई, शब्द ठीक आहे, पण मुलाची शंका एकदम बरोबर आहे. अवरोध, विरोध, निरोध हे सगळे त्याच ‘रुध्’चे. त्यात अडवणं पण आहे आणि कोंडणं पण, आणि घोळ तिथेच होतो. इथे फक्त अडवणं घ्यायचं, म्हणजे उष्णतेची ये-जा बंद, आत नाही आणि बाहेर नाही.

मग तापतं कशाने? तर दाबणाऱ्याच्या कष्टाने. सायकलला जोरात पंप मारा आणि पंपाच्या बुडाला, जिथे नळी जोडलीय तिथे हात लावा, चांगलं गरम लागतं. लोक म्हणतात वॉशर घासतो म्हणून. थोडं असेल तेही, पण नळी टायरला न लावता मोकळीच ठेवून तेवढेच दट्टे मारून बघा, घासणं तिथेही असतंच पण बूड फारसं तापत नाही, कारण हवा दाबलीच जात नाही. दट्टा खाली रेटताना हाताने जे काम केलं ते हवेच्या रेणूंच्या वेगात गेलं, आणि रेणूंचा वेग वाढला म्हणजेच तापमान वाढलं. आपण बोलताना उष्णता आणि तापमान एकच धरतो ना, तिथे मुलं अडकतात. इथे उष्णता दिली शून्य, तापमान मात्र वाढलं.

मालवणहून :
आमच्या होडयेच्या डिझेल इंजिनाक हँडल मारूचा लागता, हळू मारलास तर स्टार्ट होवचा नाय. ह्या तेच काय?

रत्नागिरीहून :
तेच, दादा! डिझेलला स्पार्क प्लग नसतो, दाबलेली हवाच काडीचं काम करते. २७ अंशाची हवा दाबून अठराव्या भागाएवढ्या जागेत बसवली आणि उष्णता अजिबात निसटली नाही असं धरलं तर हिशोबाने ६८० अंशांच्या आसपास जाते. प्रत्यक्षात थोडं कमीच, पण डिझेल साधारण सव्वादोनशे अंशांच्या पुढे आपोआप पेटतं, त्यामुळे नोझलने फवारा मारला की पुरे. हँडल हळू फिरवलं तर उष्णतेला थंड सिलिंडरच्या लोखंडात जायला वेळ मिळतो, रिंगांतून हवा पण निसटते, आणि रिंगा झिजल्या असतील तर मग मिस्त्री म्हणतोच, कॉम्प्रेशन गेलंय.

म्हणूनच मला ‘रुद्ध’ थोडा खटकतो. भिंत घालून अडवलंय असं वाटतं, पण लोखंड तर उष्णता सहज नेतं. इथे अडवतो तो वेग, उष्णतेला पळायला सवडच देत नाही. अॅडिअबॅटिकचा मूळ ग्रीक शब्द मला जास्त आवडतो, अ म्हणजे नाही, दिआ म्हणजे आरपार, बाइनेइन म्हणजे जाणं. पार करता न येणाऱ्या नदीसाठी पण तो वापरायचे. आपल्याकडे म्हणतात ना, पावसाळ्यात नदीला उतार नाही, म्हणजे पायी पार करता येत नाही, होडी सुटेपर्यंत थांबा. अगदी तोच अर्थ! उष्णतेला उतार नाही.

दापोलीहून :
उतार नाही हे त्याला लगेच पटलं. पण मग ‘कोंडलेली’ म्हटलं तर एवढं काय बिघडतं?

रत्नागिरीहून :
बिघडतं, कारण हाच शब्द उलट्या प्रक्रियेलाही लागतो. पावसाळी वारा समुद्रावरून येऊन आंबोलीकडे चढतो, सुमारे ७०० मीटर. वर दाब कमी म्हणून हवा फुगते, फुगताना आजूबाजूच्या हवेला रेटायचं काम ती स्वतः करते, ते स्वतःच्याच ऊर्जेतून, म्हणून थंड होते. ढग धरेपर्यंत दर १०० मीटरला साधारण १ अंश, आणि ढग धरला की मग आंबोलीचा पाऊस सगळ्यांना माहीतच आहे. तिथेही उष्णता ना आली ना गेली, म्हणजे तीही रुद्धोष्मच. आता कोंडल्यामुळे तापतं म्हणायचं, तर ही हवा थंड का झाली?

दापोलीहून :
वहीत ‘कोंडलेली’ खोडून ‘उतार नाही’ लिहिलंय त्याने. आता पंप घेऊन पडवीत बसलाय, नळी मोकळी ठेवून.