डॉक्टर हूमधला निक्सन: १९६९ साली टेप होत्याच कुठे?

अर्धवटराव:
‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश विज्ञानकथा मालिकेच्या २०११ च्या ‘द इम्पॉसिबल ॲस्ट्रोनॉट’ आणि ‘डे ऑफ द मून’ या जोडभागांत कालप्रवासी डॉक्टर थेट एप्रिल १९६९ च्या ओव्हल ऑफिसात, म्हणजे अमेरिकी अध्यक्षांच्या कार्यालयात, उतरतो. तेव्हा अध्यक्ष निक्सन एका लहान मुलीच्या फोनचं रेकॉर्डिंग माजी एफबीआय एजंट कॅन्टनला ऐकवत असतो. निक्सनच्या गुप्त टेपा तर नंतरच्या ना? ही चूक की मुद्दाम?

रीळमास्तर:
तारखांचा घोळ आहेच. १९६९ मध्ये सत्तेवर आल्या-आल्या निक्सनने आधीच्या अध्यक्षाची, जॉन्सनच्या काळची रेकॉर्डिंग यंत्रणा उलट काढून टाकायला लावली होती. स्वतःची बसवली ती फेब्रुवारी १९७१ मध्ये, आणि ओव्हल ऑफिसचे फोन तिला जोडले एप्रिलमध्ये. काम अध्यक्षांचं रक्षण करणाऱ्या सीक्रेट सर्व्हिसचं. पाच मायक्रोफोन टेबलात, दोन शेकोटीजवळच्या भिंतीवरच्या दिव्यांत. आवाज झाला की यंत्र आपोआप सुरू होणार, त्यामुळे सुरुवातीचे शब्द गिळले जायचे. त्यात टेप पातळ, वेग सेकंदाला जेमतेम १५/१६ इंच. मायक्रोफोन टेबलातच असल्याने कपबशी ठेवली की खणखणाट, आणि समोरच्याचं बोलणं मात्र कान देऊनही लागत नाही. फोनवरचं त्यामानाने स्पष्ट आहे, तेवढं मालिकेला माफ.

सातवी_खोली:
तारीख चुकली असेल, पण टेप मुद्दामच आणलीय. सायलेन्स या मालिकेतल्या परग्रहवासीयांवरून नजर हटली की माणूस त्यांना विसरतो, म्हणून अंगावर रेघा ओढायच्या, तळहातात रेकॉर्डर बसवायचा. शेवटी आर्मस्ट्राँगच्या पहिल्या पावलाच्या प्रक्षेपणातच सायलेन्सचं रेकॉर्ड केलेलं वाक्य घुसवतात आणि डाव उलटतो. निक्सन फोन आधीपासून टेप करतोय. ऑफिसातला शब्दन्‌शब्द टेप करा, हे त्याला डॉक्टर सांगतो, कारण एरवी त्याच्यावर सायलेन्सचा अंमल आहे की नाही हे कळायचं कसं? म्हणजे वॉटरगेट प्रकरणात ज्या टेपांनी १९७४ मध्ये त्याची खुर्ची घालवली, त्यांचं खापर डॉक्टरच्या माथी. माझ्या मते लेखकाने निक्सनला फारच स्वस्तात सोडलंय. संशयी माणसाचा संशय खरा ठरवला की तो बिचारा वाटायला लागतो.

अर्धवटराव:
मग निक्सनच्या खऱ्या टेपेतली ती पुसलेली साडेअठरा मिनिटंही सायलेन्सचीच करणी म्हणायची का? :)

रीळमास्तर:
मालिकेत तसं काही नाही. शिवाय पुसलेलं ते २० जून १९७२ चं हॉल्डमन या त्याच्या चीफ ऑफ स्टाफबरोबरचं बोलणं ओव्हल ऑफिसातलं नव्हेच, शेजारच्या एक्झिक्युटिव्ह ऑफिस बिल्डिंगमधलं.

सातवी_खोली:
आणि स्वस्तात सोडलं म्हणाले खरी, पण कॅन्टनच्या लग्नाचा प्रसंग त्यात धरू नका. लग्नाला आडकाठी आहे कळल्यावर निक्सन आधी मोठ्या मनाने विचारतो, मुलगी कृष्णवर्णीय आहे का? वर आपण वाटतो त्यापेक्षा उदार आहोत, हेही ऐकवतो. कॅन्टन शांतपणे सांगतो, हो, ‘तो’ आहे. लगेच गाडी मागे: सध्या चंद्रापर्यंत गेलो तेवढं पुरे! स्टुअर्ट मिलिगनच्या चिकटवलेल्या नाकाला लोक हसले, पण त्या एका ओळीत त्याने निक्सन अचूक पकडलाय.