खुब्यात इंजेक्शन: स्टिरॉइडचं घ्यायचं का वंगणाचं?

गुजरीकर
नमस्कार मंडळी. प्रश्न वडिलांबद्दल आहे. वय ७१, गुजरीत आमचं छोटं सोन्या-चांदीचं दुकान. सगळी हयात गादीवर मांडी घालून गेली, आता उजवी मांडी घालताच येत नाही. जांघेत कळ उठते ती गुडघ्यापर्यंत उतरते. पायमोजा चढवायला आई लागते. एक्सरेत उजव्या खुब्यातली फट जवळजवळ संपलेली दिसते. ऑपरेशन करायचं हे घरात ठरलंय, पण दादांचं, म्हणजे वडिलांचं, एकच, "दसरा-दिवाळी होऊ दे, मग काय कापायचं ते कापा." ऐन सीझनला गिऱ्हाईक सोडून झोपायचं त्यांच्या जिवावर येतं.

तोवर निभावायला एका डॉक्टरांनी स्टिरॉइडचं इंजेक्शन सांगितलंय, थिएटरात मशीनखाली. दुसऱ्या ठिकाणी (नाव नको) वंगणाच्या तीन इंजेक्शनांचं पॅकेज सांगितलं, ओपीडीतच देतो म्हणाले, वर पीआरपीचाही (आपल्याच रक्तातल्या प्लेटलेट्स काढून सांध्यात सोडतात ते) कागद हातात दिला. दादांना शुगर आहे, गोळ्या चालू आहेत. त्यात शेजारच्या काकांनी "स्टिरॉइड म्हणजे हाडं पोकळ" असं भरवून ठेवलंय. कुणी घेतलंय का?

मंगळवारपेठ_बुलेट
भावा, वंगणाचंच घे. मावशीच्या गुडघ्यात दिलेलं, बाई जोतिबाच्या पायऱ्या चढून आली. नाद खुळा! स्टिरॉइडच्या वाटेला जाऊ नको.

एक्सरेवाले_निवृत्त
बुलेटराव, मावशींना बरं वाटलं, आनंद आहे. पण तो गुडघा. गुडघ्याचा सांधा हाताला लागतो, दीड इंची सुई पुरते. खुबा मांसाखाली खोल बसलेला. माझी नोकरी सी-आर्म मशीन, म्हणजे थिएटरात पडद्यावर चालता एक्सरे दाखवणारं मशीन, चालवण्यात गेली, त्यामुळे डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो. औषध कुठलं, हे नंतर. सुई नेमकी कुठं जाणार, हे आधी विचारा.

पेशंट उताणा असतो. डॉक्टर जांघेत बोटं टेकून धमनीचा ठोका शोधतात, तिच्या लगत मोठी नसही असते. त्या दोघींना टाळून सुई बाहेरच्या अंगानं घालतात. कमरेत भूल देताना वापरतात तीच लांबडी, साडेतीन इंची. हाडाला टेकली की थोडा डाय, म्हणजे एक्सरेत उठून दिसणारं औषध, सोडायचा. सांध्यात असेल तर पडद्यावर हाडाच्या मानेभोवती काळी बारीक कड सरकत जाते. बाहेर असेल तर डाय जागच्या जागी टीपकागदावरल्या शाईसारखा साचतो, की डॉक्टर काही न बोलता सुई मागं घेतात. सराईत हातांचीही पहिली सुई बाहेर पडलेली मी पाहिलीय. मग मशीन न लावता ओपीडीच्या टेबलावर खुब्यात इंजेक्शन देणारा कशाच्या भरवशावर देतो, हे त्यालाच विचारा. सोनोग्राफीखाली दिलं तरी उत्तम. किरणं नाहीत आणि धमनी समोर दिसते.

आता औषध. अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेनं २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत खुब्यासाठी स्टिरॉइडच्या इंजेक्शनाची ठाम शिफारस केलीय, तीही मशीनखालीच द्या म्हणून. वंगणाचं, म्हणजे हायल्युरॉनिक ॲसिडचं, खुब्यात देऊ नका असं तितक्याच ठामपणे म्हटलंय. पीआरपीलाही नकारच. ब्रिटनमध्ये १९९ रुग्णांवर अभ्यास झाला, २०२२ मध्ये बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकात आला. सोनोग्राफीखाली बधिरीच्या औषधासोबत स्टिरॉइड दिलेल्यांचं दुखणं, नुसता सल्ला मिळालेल्यांपेक्षा सहा महिन्यांच्या काळात कमी राहिलं.

काकांना सांगा, हाडं ठिसूळ होतात ती महिनोन्‌महिने स्टिरॉइडच्या गोळ्या खाल्ल्यावर. एका इंजेक्शनानं तसं होत नाही. मात्र सारखं सारखं घेत राहिलं तर कुर्चेचं नुकसान होतं, आणि खुबा झपाट्यानं खचल्याची उदाहरणंही क्वचित आहेत. दोन इंजेक्शनांत निदान तीन महिन्यांचं अंतर ठेवतात ते उगीच नाही. झिजलेलं भरून येत नाही, हेही दादांना आधीच सांगून ठेवा.

आणि तुमच्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचं: इंजेक्शननंतर तीन महिन्यांच्या आत सांधा बदलला तर जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. गणपती झाल्यावर घेतलंत तर दिवाळी निघेल, पण ऑपरेशन जानेवारीच्या आधी नको. दिवाळी झाली की लगेच तारीख घेऊन बसाल, म्हणून सांगतोय.

कसबाबावड्याची_वहिनी
मी घेतलोय, डाव्या खुब्यात. सुईचं भ्या बाळगू नका, चामडी बधिर करत्यात. आत दाब आल्यागत वाटतंय, तेवढंच. त्या दिवशी संध्याकाळी इतकं हलकं वाटलं की सगळं घर आवरून काढलो. दुसऱ्या दिवशी परत कळ हजर! मला वाटलं पैसं गेलं पाण्यात. डॉक्टर म्हणाले, पहिला आराम बधिरीच्या औषधाचा, स्टिरॉइडला थोडं दिवस द्या. आणि ती संध्याकाळ हलकी गेली म्हणजे दुखणं खुब्यातलंच, कमरेतलं न्हाई, हे पण कळलं म्हणे. आठवडाभरात खरंच उतार पडला, दोन-अडीच महिने बरं गेलं. आता हळूहळू परत सुरू हाय.

शुगर मात्र चांगली उसळली. चार-पाच दिवस रोज घरी तपासत होतो, भात बंद केलो. दादांची शुगर आधीच वर असंल तर पहिलं ती खाली आणा, मग सुई.

गुजरीकर
सगळ्यांचे आभार. दादांना मोठ्यानं वाचून दाखवलं. वहिनींचं ऐकून हसले, आणि "आता मशीनवाल्याकडंच जायचं" म्हणाले. एक राहिलं: हृदयासाठी रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. चालेल का?

एक्सरेवाले_निवृत्त
ते डॉक्टरांनाच ठरवू दे, गोळीगोळीत फरक असतो. तुम्ही आपल्या मनानं बंद करू नका, सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या. जांघेत किंवा खुब्यावर गळू, पुरळ, जखम असेल, ताप असेल, तर त्या दिवशी इंजेक्शन घ्यायचं नाही. आणि नंतर ताप आला, दुखणं एकाएकी वाढलं, पाय टेकवेना झाला, तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठायचा.

दुकानात गादीऐवजी उंच खुर्ची आणि उंच काउंटर लगेच करून घ्या. काठी डाव्या हातात, दुखऱ्या बाजूला नाही.

मंगळवारपेठ_बुलेट
काठी उलट्या हातात? मावशी आजवर दुखऱ्या बाजूलाच धरतीय. सांगतो तिला.